आरोपीच्या वकिलाचा पगार आणि त्याच्या टेबलावरच्या फायली

महोदय,

मोफत विधी सहाय्याच्या फौजदारी कामाचे पैसे वकिलाला कसे मिळतात, हा विषय नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिराच्या, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या, आवाराबाहेर फारसा निघत नाही. ज्याच्यासाठी हा वकील नेमला जातो तो वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात असतो आणि त्याच्या घरचे लोक कुही-भिवापूरकडून एसटीने पेशीला येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांच्याकडून आपल्याला पत्र येण्याची शक्यता नाही, म्हणून मी हे लिहीत आहे.

मी काही वर्षे विधी सहाय्याच्या पॅनेलवर, म्हणजे अशी प्रकरणे सोपवल्या जाणाऱ्या खासगी वकिलांच्या यादीत, होतो. त्या पद्धतीत वकिलाला प्रकरणामागे ठरलेले मानधन मिळे आणि ते हाती यायला निकालाची वाट पाहावी लागे. निकाल लागला की बिल करायचे, त्याला निकालपत्राची प्रत आणि हजेरीचा दाखला जोडायचा, मग त्यात त्रुटी निघायच्या आणि त्रुटी दूर झाल्या की निधी नाही असे कळायचे. एका सत्र खटल्याचे माझे बिल निकालानंतर चौदा महिन्यांनी मंजूर झाले. तोवर दोषारोपपत्राच्या झेरॉक्सचे, टंकलेखनाचे आणि कारागृहापर्यंतच्या पेट्रोलचे पैसे माझ्याच खिशातून गेले होते. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्याचा कामावर काय परिणाम होई तो सांगायचा आहे. दोन साक्षीदार तपासले काय आणि वीस तपासले काय, हाती पडणाऱ्या रकमेत श्रमाच्या मानाने फरक पडत नसेल, तर उलटतपासणी आपोआप आखूड होते. ज्येष्ठ मंडळी पॅनेलवर नाव ठेवत आणि पेशीला ज्युनिअरला पाठवत. काही जण आरोपीच्या आईकडे ‘खर्चापाण्याचे’ म्हणून हात पसरत, हेही आपण वकिलांनी तरी नाकारू नये.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२च्या योजनेने ही रीत बदलली. आता जिल्ह्यात लोकअभिरक्षकाचे, म्हणजे गरीब आरोपीचा मोफत बचाव करणाऱ्या वकिलांचे, कार्यालय असते, त्यात मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक पूर्ण वेळ काम करतात, त्यांना दरमहा ठरावीक मानधन मिळते आणि खासगी वकिली करता येत नाही. हा बदल योग्य दिशेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकार पक्षाकडे पगारी अभियोक्ता, पोलीस यंत्रणा आणि कार्यालय असताना समोरच्याला उधारीवरचा वकील देणे ही बरोबरीची लढत नव्हती. (लोक मात्र अजूनही या वकिलाला ‘सरकारी वकील’ म्हणतात आणि तो पोलिसांच्याच बाजूचा असेल या भीतीने त्याला खरी हकिकत सांगत नाहीत. नाव बदलून हा समज जाणार नाही, त्यासाठी कारागृहात जाऊन बसावे लागते.)

अडचण पुढे आहे. प्रकरणामागे पैसे मिळत तेव्हा काम उरकण्याकडे कल होता, तर दरमहा पैसे मिळू लागल्यावर फायलींचा ढीग वाढण्याला अटकाव उरत नाही. कार्यालयाला आणखी चाळीस खटले सोपवले तरी सरकारचा खर्च एका रुपयानेही वाढत नाही, त्यामुळे सोपवणाऱ्याचा हात आखडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मध्य प्रदेशातील एका फाशीच्या खटल्यात, वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप निश्चित करून पंधरवड्याच्या आत उरकलेली सुनावणी रद्द ठरवली आणि जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकतो अशा प्रकरणांत किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा वकील द्यावा व त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे सांगितले. ज्याच्या टेबलावर आधीच शंभर फायली आहेत त्याला हे सात दिवस कागदावरच मिळतात.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. या वकिलांची नेमणूक कराराची आणि मुदतीची असते, आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही हे त्यांच्या कामाच्या मूल्यमापनावर ठरते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात. कोणाच्याही हेतूबद्दल शंका न घेताही एवढे म्हणता येते की, ज्या न्यायालयांपुढे रोज हरकती घ्यायच्या आणि वेळप्रसंगी वाद घालायचा, त्याच न्यायालयांच्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखालील संस्थेकडे दर मुदतीला आपले पोट घेऊन जाणे बचावाच्या वकिलाला सोपे नाही.

इंग्लंड आणि वेल्समधल्या फौजदारी बॅरिस्टरांनी अशाच तुटपुंज्या मानधनाविरुद्ध २०२२ मध्ये काम थांबवले आणि १५ टक्के वाढ पदरात पाडूनच ऑक्टोबरमध्ये ते न्यायालयात परतले. आपल्याकडे तो मार्ग नाही आणि नसावाही. वकिलांना संपाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. परंतु गरीब आरोपीसाठी नेमलेल्या वकिलाला न्यायालय ठरवील ती योग्य रक्कम राज्याने द्यावी, हा दंडक १९७८ मध्ये घालून दिला गेला तो महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात, तेव्हा निदान या राज्याने तरी हात आखडता घेऊ नये.

एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर एकाच कार्यालयाने दोघांचा बचाव करणे बरे नव्हे. तेथे पॅनेलच्या वकिलाची गरज राहणारच आणि त्याचे बिल वेळेवर निघण्याचीही. कारागृहभेटीचा प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च मानधनातून भागवायला न लावता वेगळा दिला गेला पाहिजे. मानधनाची वाढ दिल्ली-मुंबईच्या हातात असेल. ती आज मिळणार नाही हे मी धरून चालतो. मात्र एका लोकअभिरक्षकाकडे एका वेळी किती सत्र खटले चालू आहेत, हा आकडा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला दर तीन महिन्यांनी न्यायमंदिराच्या सूचना फलकावर लावता येईल. त्यासाठी कोणाची मंजुरी लागू नये आणि निधी तर मुळीच लागत नाही.

आपला,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारा एक वाचक,
नागपूर