यंदा हीटिंग बंद ठेवायचं नाही

प्रिय आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई लगेच जेवलीस का विचारते, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच पाठवावं. मोठ्या अक्षरात प्रिंट काढलीये, चष्मा सापडत नाही हे कारण चालणार नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर आई पॅसेजमध्ये उभी होती ना, तिच्या मागे भिंतीवर थर्मोस्टॅट दिसत होता मला. १४. इंग्लंडात, लेस्टरला नोव्हेंबरात घरात १४ डिग्री! आई साडीवर दोन स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून वर मलाच सांगते अगं थंडी कुठंय. आणि बाबा, तुम्ही तो वीज-गॅस किती जळतो ते दाखवणारा स्मार्ट मीटरचा डबा टीव्हीशेजारी ठेवलाय, त्याचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला रे झाला की उठून हीटिंग बंद करता, मॅचसुद्धा एवढ्या लक्ष देऊन बघत नसाल. घरात निदान १८ तरी हवं असं इथले डॉक्टर सांगतात आणि ते काही उगाच नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, रक्त घट्ट होतं, म्हणून कडाक्याच्या थंडीनंतर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या केसेस वाढतात. तुमची बीपीची गोळी चालू आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

आता पैशाचं. विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवायला म्हाताऱ्या माणसांना सरकार देतं ते पैसे, यंदा २०२५ च्या हिवाळ्यात तुम्हाला परत मिळणार आहे, त्यासाठी काही करायचं नाही, आपोआप बँकेत जमा होतं. १९९७ ला तेव्हाच्या अर्थमंत्र्याने, गॉर्डन ब्राऊनने सुरू केलं तेव्हापासून सगळ्या म्हाताऱ्या माणसांना मिळायचं, मग जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हजबाईंनी जाहीर केलं की आता फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना सरकार पेन्शनवर देतं ती भर) वगैरे घेणाऱ्यांनाच, आणि एका झटक्यात जवळजवळ एक कोटी लोकांचे पैसे गेले, त्यात तुमचेही. एवढी बोंबाबोंब झाली की जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. आता वर्षाला ३५,००० पौंडांच्या आत उत्पन्न असेल तर पैसे तुमचेच, वर असेल तर टॅक्समधून परत घेतात. आपला त्या ३५,००० शी दुरूनही संबंध नाही. ८० च्या पुढचे म्हणून बाबांना २०० आणि आईला १००, म्हणजे घरात ३००. (इथे स्कॉटलंडात, ग्लासगोत हेच पैसे वेगळ्या नावाने मिळतात आणि रक्कम थोडी जास्त आहे, माझ्या शेजारच्या ८४ वर्षांच्या आजी मला ते ३०५ पौंड १० पेन्स अगदी पेन्ससकट सांगतात, इंग्लंडपेक्षा जास्त मिळाल्याचा आनंद वेगळाच.)

पण माझं खरं भांडण पेन्शन क्रेडिटवरून आहे. ते आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो, आणि बाबा म्हणतात सरकारपुढे हात पसरायचा नाही. बाबा, तीस वर्षं फॅक्टरीत नाइट शिफ्ट केलीत, प्रत्येक पगारातून टॅक्स कापला गेला, आणि तेव्हा तुम्ही कधी म्हणाला नाहीत की दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या आईला यातून मदत कशाला. मग आपली पाळी आली की लाज कसली? लाखो लोक असेच हक्काचे पैसे सोडून देतात, सरकारलाच जाहिराती कराव्या लागतात की अहो अर्ज करा.

हिशोब मी करून बघितलाय. नवरा-बायकोला २०२५-२६ साली आठवड्याला ३४६ पौंड ६० पेन्सपर्यंत उत्पन्न भरून देतात. तुमच्या दोघांची पेन्शन मिळून ३०० च्या आसपास, कारण आईची स्वतःची नोकरीची वर्षं नाहीत, तिला बाबांच्या वर्षांवर जेवढी मिळते तेवढीच. बँकेतल्या १८,००० वर बाबांचा आक्षेप होता की सेव्हिंग आहे म्हणजे आपल्याला मिळणारच नाही, तर तसं नाहीये. पहिले १०,००० धरतच नाहीत, त्यावरच्या दर ५०० ला आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात, म्हणजे तुमचे १६ पौंड. ३०० आणि १६, तरी ३० राहतातच. आठवड्याला ३० म्हणजे वर्षाला दीड हजारांच्या वर, बाबा! शिवाय मागच्या तीन महिन्यांची थकबाकी मागता येते. आणि हे एकदा चालू झालं की बाकीची दारं उघडतात, ७५ च्या पुढच्यांना टीव्ही बघायचं लायसन्स फुकट, विजेच्या बिलात १५० पौंडांची सूट (ती पुढच्या हिवाळ्यासाठी, आणि बिल तुमच्या नावावर असायला हवं), आणि सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा खाली गेलं की त्या प्रत्येक आठवड्याचे २५ पौंड वेगळे. हे २५ नोव्हेंबर ते मार्च असतात, ते मात्र आपोआप.

एक गोष्ट आधीच सांगते नाहीतर नंतर मलाच बोलाल. पेन्शन क्रेडिट घेताना चार आठवड्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर ते बंद होतं. म्हणजे काकांकडे पुण्याला दोन-तीन महिने तळ ठोकायचा ते जमणार नाही, लग्नाला जा, चार आठवड्यांच्या आत परत या. मूळ पेन्शनला काही होत नाही. आई यावर नाराज होणार हे मला माहितीये, पण पुण्याचं ऊन बघून इथल्या हिवाळ्याची सोय होत नाही ना. निफाडची आत्या तर म्हणते तुम्हाला थंडीचेसुद्धा पैसे मिळतात, आम्हाला श्रावणबाळचे दीड हजार रुपये महिना आणि पारा पाचाच्या खाली गेला की दारातली शेकोटी. तिला सांगितलं की बाबा ते पैसे घेत नाहीत तर खो खो हसली, म्हणाली आधीपासूनच शहाणा आहे तो.

हो, आणि विंटर फ्युएलसाठी इथे क्लिक करा असा मेसेज आला तर अजिबात हात लावू नका, सरकार तसे मेसेज पाठवत नाही. आई, तू तर नाहीच नाही, तू त्या पार्सलवाल्याला परवा ओटीपी सांगायला निघाली होतीस.

मी १५ तारखेला शनिवारी येतेय. सोमवारी सकाळी आपण मिळून पेन्शन क्रेडिटला फोन लावू, बोलायचं मी, बाबांनी फक्त शेजारी बसायचं. तोपर्यंत दोघांचे नॅशनल इन्शुरन्स नंबर, पेन्शनचं शेवटचं पत्र आणि बँकेची स्टेटमेंट्स एका पिशवीत काढून ठेवा, ती पत्रं देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत, कपाटात शोधत बसू नका. देवघरामागे भिंत काळी पडलीये तीही बघते, ती बुरशी आहे, उदबत्तीची काजळी नाही.

आणि थर्मोस्टॅट आजच १८ वर. रात्री फोन करते तेव्हा आई कॅमेरा तिकडे फिरवेल.

तुमची,
मनू