सूचना : येत्या रविवारची मुंबईच्या फोर्ट भागातली फेरी

सभासदहो, रविवारी सकाळी ठीक ७ वाजता काळा घोडा येथील डेव्हिड ससून लायब्ररीच्या दाराशी जमायचं आहे. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही. ऊन चढलं की दगडातलं कोरीवकाम सपाट दिसू लागतं.

लायब्ररीचा पिवळसर दगड मालाडचा. जवळच वॉटसन हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने इथे आणला आणि १८६०च्या दशकात उभा केला. इमारत जर्जर आहे, खाली उभं राहू नका. राजाबाई टॉवर ओव्हल मैदानावरूनच पाहू, शेवट सीएसएमटीला. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या या वास्तूचं काम १८७८ ला सुरू झालं. नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

वाटेत जाळ्या आणि कठडे नीट बघा. ओतीव लोखंडात तोच नमुना हुबेहूब पुन्हा येतो, कधी साच्याची शिवणही दिसते. घडीव कामात वेलांट्यांची टोकं ठोकून निमुळती केलेली असतात, जोड रिव्हेट (टोक ठोकून पक्की केलेली खीळ) किंवा पट्ट्यांनी आवळलेले. (ऑइलपेंटचे इतके थर चढवलेत की काही ठिकाणी ओळखणं अवघडच!) कठडा दगडात रुतलाय तिथे तडे शोधा : गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगड फोडतं.

जाळ्यांना हात लावून गंज खरवडू नये. दुर्बीण असेल तर आणा. येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.