एकोणचाळीस वर्षांची यादी

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी सावकाश वाचली. बाजीराव पेशवे, स्वामी विवेकानंद, संगीतकार शोपँ, पास्कल, गणितज्ञ रीमान आणि मार्टिन ल्यूथर किंग, अशी एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या क्षेत्रांतली ही माणसे वयाची ३९ वर्षे पूर्ण करून, पण चाळिशी गाठण्याआधीच गेली. आणि तू सध्या नेमकी त्याच वयाची असल्यामुळे त्यांच्या नावांखाली स्वतःचा जमाखर्च मांडून बसली आहेस. हिशेब तपासण्याची माझी खोड तुला ठाऊकच आहे.

बाजीरावांच्या नावापुढचे प्रश्नचिन्ह खोडून टाक. १७४० मधून १७०० वजा केले की ४० उरतात हे खरे. परंतु त्यांचा जन्म ऑगस्टमधला आणि मृत्यू २८ एप्रिलचा, त्यामुळे चाळिसावा वाढदिवस त्यांच्या वाट्याला आलाच नाही. सप्टेंबर १८२६ मध्ये जन्मून जुलै १८६६ मध्ये वारलेल्या रीमानचेही तसेच.

वय जुळले तरी मरणे मात्र जुळत नाहीत. बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीच्या मुक्कामी तापाने गेले, रीमान इटलीत क्षयाने, तर किंग यांना मेम्फिसमध्ये गोळी घालण्यात आली. इतक्या भिन्न कारणांनी आलेला आकडा एकच निघाला म्हणून त्यात काही संकेत शोधण्याचे कारण नाही. शिवाय अशी यादी उलट्या दिशेने तयार होते: आधी कीर्ती पाहिली जाते, मग वय. त्याच वयात गेलेली असंख्य अनामिक माणसे तिच्यात नसतात, आणि ज्यांचे खरे काम चाळिशीनंतर सुरू झाले तेही नसतात. तुलनेसाठी याहून वाईट माप मिळणे कठीण.

तू जन्म आणि मृत्यू असे दोनच रकाने आखले आहेस. शेवटच्या काळात हाती काय काम होते, असा तिसरा रकाना आखलास तर यादी वेगळीच दिसेल. विवेकानंदांनी ४ जुलै १९०२ रोजी, म्हणजे गेले त्याच दिवशी, बेलूर मठात ब्रह्मचाऱ्यांना संस्कृत व्याकरण शिकवले होते. किंग मेम्फिसला गेले होते ते संपावर असलेल्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी. नोबेल मिळून तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती.

पास्कलचे उदाहरण मला सर्वांत आवडते. हवेचा दाब, संभाव्यतेचे गणित, आकडेमोडीचे यंत्र एवढे सगळे करून झालेला, वर्षानुवर्षे आजारी असलेला हा माणूस १६६२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये काय सुरू करतो, तर ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या भाड्यात प्रवासी नेणाऱ्या घोडागाड्या, म्हणजे आजच्या शहरी बससेवेची पूर्वजच. ऑगस्टमध्ये तो वारला. थोर तत्त्वचिंतकाला हे शोभते का, असे तेव्हा कोणी म्हटले असेल तर म्हणो बापडे.

आणि रीमान? १८५९ च्या अविभाज्य संख्यांवरील लहानशा निबंधात त्याने एक विधान केले, सिद्धता शोधण्याचा थोडा प्रयत्न फसल्यावर आपल्या तातडीच्या कामाला तिची गरज नाही असे लिहून बाजूला ठेवली आणि तो पुढे गेला. ती सिद्धता आजही कोणाला सापडलेली नाही. आपल्या लिखाणातले नेमके काय उरणार, याचा अंदाज त्यालाही तेव्हा नव्हता.

शोपँच्या तिसऱ्या रकान्यात मी नोव्हेंबर १८४८ चा लंडनमधला कार्यक्रम लिहीन. पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी, अतिशय आजारी असताना त्याने तो केला, आणि त्याचे ते अखेरचे जाहीर वादन ठरले. बाजीरावांचा रकाना तू भरून पाठव. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याविरुद्धच्या मोहिमेपासून सुरुवात कर.

तुझे,
बाबा