धर्म शेजघरात का शिरतो

बडोदे, दांडिया बाजार
कोजागिरी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

‘देवाला माणसाच्या अंथरुणात एवढं काय पडलंय?’ असं तू विचारलंस. प्रश्न चांगला आहे, आणि ‘पाप लागतं’ म्हणून मी तो झटकणार नाही.

आधी एक चुकीचं उत्तर बाजूला काढू, कारण शिकलेली माणसं तेच देतात: रोगराई पसरू नये म्हणून शरीरसंबंधाचे हे नियम झाले. युरोपात गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली मोठी साथ १४९५ च्या सुमारास उसळली. आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्राने तिला ‘फिरंग रोग’ म्हटलं. मनूचे आणि यहुद्यांचे नियम त्याच्या हजार वर्षांहून आधीचे. परमा, म्हणजे गनोरिया, त्याहून जुना, हे मान्य. पण रोगाचंच भय असतं तर पुरुषालाही तितकंच बांधलं असतं. तसं बांधलेलं दिसत नाही.

मूळ दुसरीकडे आहे. आई कोण हे सुईणीला दिसतं. बाप कोण हे मानावं लागतं. रक्तगट १९०१ मध्ये कळले, डीएनए तपासणी १९८० च्या दशकात आली. तोवर शेत कोणाला मिळणार, पिंड कोण देणार, पोराला कोण पोसणार, हे सारं त्या मानण्यावर उभं होतं. आणि खात्रीसाठी हाताशी एकच साधन होतं, बाईवर पहारा.

मनुस्मृतीचा नववा अध्याय काढून वाच. तिथे मुलगे बारा प्रकारचे सांगितले आहेत. लग्नाआधी झालेला तो कानीन. त्याच्या आईशी जो लग्न करील त्याचा तो. लग्नाच्या वेळी आधीच पोटात असलेला तो सहोढ. घरात जन्मला पण बाप कळत नाही तो गूढज. तो बाईच्या नवऱ्याचा. बारांपैकी सहा वारस होतात, उरलेले सहा नुसते बांधव. गूढज पहिल्या सहांत बसतो, कानीन आणि सहोढ दुसऱ्या सहांत. माणसं कशी वागतात हे शास्त्रकारांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर एवढी बारीक वर्गवारी. प्रत्येक मुलाला कोणीतरी बाप लावून द्यायचा, हा तिचा हेतू.

इस्लाममधली इद्दत याच जातीची. तलाकानंतर तीन पाळ्या, वैधव्यात चार महिने दहा दिवस, पोटुशी असेल तर बाळंत होईपर्यंत बाईने दुसरं लग्न करायचं नाही. एवढ्या अवधीत पोट आहे की नाही ते कळतं. आपल्या पुराव्याच्या कायद्यानेही, लग्न संपल्यावर २८० दिवसांत झालेलं मूल, आईने दुसरं लग्न केलं नसेल तर, त्याच नवऱ्याचं धरतात. आणि कुराण व्यभिचाराच्या आरोपाला चार साक्षीदार मागतं. ते न आणता बाईवर आळ घेणाऱ्याला ऐंशी फटके सांगतं. नुसत्या संशयानेही घर मोडतं, ही जाण त्यामागे आहे.

बिघडलं ते इथे, की शंका पुरुषाची आणि किंमत बाईची. शंकाच नको म्हणून न्हाण येण्याआधी मुलीचं लग्न. नवरा गेला की केशवपन, कोंडवाडा. त्यातूनही दिवस गेलेच तर विहीर, नाहीतर बाळाचा जीव. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं ते यासाठी. १८८१ मध्ये इथून जवळच सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला असल्याच गुन्ह्यात फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्या मुलाच्या बापाला शिक्षा झाली नाही. हे वाचून तुझ्या पोटात कालवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आपल्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्येच बालविवाहाला कायद्याने आळा घातला, शारदा कायद्याच्या पंचवीस वर्षं आधी.

धर्म फक्त ‘नको’ म्हणतो असंही नाही. मनू पाळी सुरू झाल्यापासून ऋतूच्या सोळा रात्री मोजतो. त्यांतल्या पहिल्या चार, अकरावी आणि तेरावी सोडून दहा नवराबायकोला देतो. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, हा हिशेब मात्र चूक. ते पुरुषाच्या बीजावर ठरतं, तिथीवर नाही. यहुद्यांच्या मिश्ना या नियमग्रंथात तर नवऱ्याचं कर्तव्य धंद्यावार ठरवलेलं आहे: मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढववाल्याने एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. हे बायकोचं देणं म्हणून लिहिलंय, हे लक्षात घे. त्यांच्यात पाळीचे निदान पाच दिवस आणि वर सात स्वच्छ दिवस दूर राहतात, म्हणजे बाराव्या दिवसाच्या संध्याकाळी स्नान. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात हे नेमकं जमतं. चक्र आखूड असेल तर स्त्रीबीज त्याआधीच सुटून जातं आणि निरोगी जोडप्याला मूल राहत नाही. मग डॉक्टर आणि रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, मिळून वाट काढतात.

संन्याशांचं प्रकरण निराळं. तिथे प्रश्न मुलाचा कमी, मनाचा आणि मठाचा जास्त. बौद्ध भिक्षूला संघातून काढणाऱ्या चार अपराधांत पहिला मैथुन. ब्रह्मचर्य मोडण्याची आठ अंगं आपल्याकडे मोजतात, त्यांत आठवण काढणं आणि एकांतात बोलणंही येतं. रोमन चर्चने ११३९ मध्ये पाद्र्यांची लग्नं रद्दबातल ठरवली. चर्चच्या जमिनी पाद्र्यांच्या पोरांकडे जाऊ नयेत, ही काळजी त्यामागे होतीच. हे नियम स्वतःहून घर सोडणाऱ्यांचे. ते संसारी माणसावर लादले की त्याला स्वतःच्याच देहाची शिसारी येते. तसं तुझं होऊ देऊ नकोस.

तुझा दुसरा प्रश्न, तुझा मित्र मामेबहिणीशी लग्न करतोय त्याचा. हिंदू विवाह कायदा बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या वर्ज्य सांगतो, पण घराण्याची तशी रूढी असेल तर सोडतो. बऱ्याच मराठी घरांत ती आहे. त्यामुळे तुझ्या मित्राचं लग्न त्याच्या आजीला साजरं वाटतंय. इथल्या शेजारच्या गुजराती घरांत मामाची मुलगी म्हणजे बहीणच, त्यांना ते ऐकवत नाही. देव दोन्ही घरांत तेच आहेत. डॉक्टरांना मात्र दोघांनी लग्नाआधी भेटावं, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी करून घ्यावी, एवढं त्याला सांग.

तुझी,
आई