‘आशियाई’ हा एकच रकाना पुरेसा नाही : ब्रिटनच्या कार्य व निवृत्तिवेतन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीतही ते लिहितो आहे, कारण यातला एक आकडा आम्हा भारतीयांच्या सोयीचा आहे आणि त्याच्या आडोशाला शेजाऱ्यांची हलाखी झाकली जाते.

घरभाड्यासारखा निवाऱ्याचा खर्च वजा जाता देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी पैशांत भागवणारी माणसे ब्रिटनमध्ये साधारण पाचांत एक आहेत, असे आपल्याच खात्याची आकडेवारी सांगते. गोऱ्या आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांत प्रमाण याच्याच आसपास आहे. पाकिस्तानी व बांगलादेशी कुटुंबांत मात्र जवळपास निम्मी माणसे अशी आहेत. तरीही चर्चेत ‘आशियाई’ असा एकच रकाना येतो, आणि आमची बरी स्थिती त्यांच्या खात्यावर जमा होते.

उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातली अनेक पाकिस्तानी कुटुंबे मूळची पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागातली. तिथल्या मंगला धरणात कित्येकांची गावे गेली, इथल्या कापडगिरण्यांत त्यांनी रात्रपाळ्या केल्या, गिरण्या बंद पडल्या आणि पुष्कळांच्या हाती टॅक्सीचे स्टिअरिंग आले. माझे बालपण गिरणगावातले आहे. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीत कर्ती माणसे भरदुपारी घरी बसलेली मी पाहिली आहेत. गिरणीबरोबर पगार जातो, आणि पुढच्या पिढीचा पायाही डळमळतो.

शनिवारी मी फूड बँकेत, म्हणजे गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या केंद्रात, पिशव्या भरतो. मागच्या हिवाळ्यात एका टॅक्सीचालकाच्या पत्नीने पिशवीतले सुके राजमे बाहेर काढून माझ्यासमोर ठेवले. तिच्या घरच्या, आधी पैसे भरावे लागणाऱ्या वीज-गॅसच्या मीटरमध्ये दोन पौंड उरले होते आणि राजमा शिजायला तास लागतो. तिने नुसते गरम करून खाता येतील असे डबे मागितले.

त्या घराला युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा दिली जाणारी सरकारी मदत, मिळते, पण त्यात एक अट आहे. स्वयंरोजगाराचे पहिले वर्ष सरले की माणूस किमान वेतनाने, बहुधा आठवड्याला ३५ तास, कमावतोच असे खाते गृहीत धरते. गाडी दुरुस्तीला गेली, प्रवासी मिळाले नाहीत, तरी न मिळालेली कमाई हिशेबात धरून मदत कापली जाते. नियमात कोणत्याही समाजाचे नाव नाही, हे मला मान्य आहे. परंतु टॅक्सीसारख्या धंद्यात ज्या समाजाची माणसे अधिक, त्याच्यावरच या नियमाचा भार अधिक पडतो.

तिसऱ्या अपत्यापासून मदत नाकारणारी २०१७ ची मर्यादा एप्रिल २०२६ पासून हटवण्याची घोषणा आपल्या सरकारने केली, याचे मी मनापासून स्वागत करतो. पण एकूण मदतीवरची कमाल मर्यादा, लंडनबाहेरच्या कुटुंबाला वर्षाला २२,०२० पौंड, तशीच ठेवली, तर ज्या मोठ्या कुटुंबांची कमाई ठराविक पातळीखाली आहे, त्यातल्या अनेकांना एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाईल.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. गृहीत कमाईची अट रद्द करावी. ते जमत नसेल, तर हिशेब महिन्याऐवजी वर्षाचा धरावा. कमाल मर्यादा उठवावी. आणि प्रत्येक नवा नियम लागू होण्यापूर्वी त्याचा परिणाम भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, आफ्रिकी अशा प्रत्येक गटावर वेगवेगळा तपासून संसदेपुढे ठेवावा.

आपला विश्वासू,
ब्रॅडफर्ड येथील एक मराठी करदाता