सुमे, पंखा बंद होता

प्रिय सुमे,

रागावली असशील, आणि तो हक्क आहेच तुझा. तीन आठवडे फोन नाही, वाढदिवसाला एक मेसेज तोही चिऊने माझ्या मोबाईलवरून टाकलेला. अगं स्क्रीन नुसता वर सरकवला तरी पोटात ढवळून यायचं. आज पहिल्यांदा लॅपटॉपसमोर सलग बसता येतंय म्हणून सगळं एकदाच लिहून काढते, थोडं माझ्यासाठी आणि थोडं काकूंसाठी, काकूंचं पुढे येईलच.

त्या दिवशी पहाटे साडेपाचचा गजर झाला, तो बंद करायला नेहमीसारखी उजव्या कुशीवर वळले आणि सुमे, खोलीच फिरली. म्हणजे डोकं जड झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली तसं नाही गं, ती भोवळ आपल्या ओळखीची आहे, उपासाच्या दिवशी येते ती. हे वेगळंच. थंडी म्हणून पंखा रात्रीच बंद केला होता, त्याची तिन्ही पाती मला स्पष्ट दिसत होती आणि तरी तो पंखा, ट्यूबलाईट, कपाट, सगळं एकाच दिशेला सरकत होतं, सरकत होतं आणि परत मूळ जागी येऊन पुन्हा सरकत होतं. जत्रेतल्या पाळण्यातून कुणी फेकून देतंय असं वाटून मी दोन्ही हातांनी गादीची कड धरली. ह्यांना हाक मारायची तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता हुंदकाच आला. नंतर कळलं की ते सगळं मिनिटभरसुद्धा नव्हतं, पण त्या मिनिटात मी मनात चिऊचं लग्नबिग्न सगळं कुणावर सोपवायचं ते ठरवून मोकळी झाले होते.

तुला आठवतंय ना बाबांचं? सकाळी उठले आणि डावी बाजू गेली. माझ्या डोक्यात तेवढंच. मी पडल्या पडल्या डावा हात वर करून बघितला, पायाची बोटं हलवली, ह्यांना म्हटलं माझं तोंड वाकडं दिसतंय का बघा, माझं बोलणं कळतंय का सांगा. ते बिचारे लाईट लावून माझ्या तोंडाकडे बघत उभे.

मग सुरू झालं आपल्याकडे जे होतं ते. सासूबाई म्हणाल्या पित्त झालंय, आलं-लिंबू दे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या बीपी लो, मीठ-साखरेचं पाणी. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली, आणि त्यांची माया कळत होती म्हणून मी गप्प बसून घेतली काढून. जवळच्या एका दवाखान्यात उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, मानेचा एक्स-रे काढला, पंचेचाळिशीनंतर कुणाच्याही मानेत थोडीफार झीज दिसते तशी माझ्याही दिसली, झालं, सर्व्हायकल म्हणून शिक्का, गळ्याला पट्टा, आणि महिनाभराच्या चक्करच्या गोळ्या. गोळ्यांनी दिवसभर झोप यायची आणि कुशीवर वळलं की खोली पुन्हा फिरायची ती फिरायचीच. चार रात्री मी हॉलमधल्या खुर्चीत बसून झोपले गं. आडवं व्हायची भीती वाटते म्हणजे काय ते मी तुला शब्दांत नाही सांगू शकत.

पाचव्या दिवशी ह्यांनी ऐकलं नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई आहेत, आपल्याच वयाच्या. त्यांनी आधी मला बोलू दिलं. मग विचारलं, चक्कर उभ्याने येते का कुशीवर वळताना? किती वेळ टिकते? ऐकू कमी येतंय का, कानात आवाज येतो का? एकाचे दोन दिसतात का, बोलताना जीभ अडखळते का, चालताना एका बाजूला झोक जातो का, कधी नव्हे असं डोकं दुखतंय का? ह्यातलं काही असतं तर त्यांनी मला तिथूनच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं म्हणाल्या, आणि हे तूही लक्षात ठेव सुमे, तसलं काही असेल तर घरी थांबायचं नाही, थेट मोठं हॉस्पिटल.

माझं तसं काही नव्हतं. मग त्यांनी टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि दोन्ही हातांत माझं डोकं धरून मला झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली. डोळे मिटायचे नाहीत, माझ्या कपाळाकडे बघा. चार-पाच सेकंद काहीच नाही आणि मग आलं, तेच, पहाटेचं. मी त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले असतील. पण त्या शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत होत्या, कारण त्या वेळी बुबुळं आपोआप झटके देत गोल फिरतात आणि ती कशी फिरतात ह्यावरून कळतं कुठला कान. ह्या तपासणीला डिक्स-हॉलपाईक म्हणतात. ना मशीन, ना स्कॅन, दोन मिनिटांचं काम. आणि माझ्या गळ्यात पट्टा होता पाच दिवस.

आजाराचं नाव बीपीपीव्ही, म्हणजे डोकं ठराविक बाजूला वळलं की थोडा वेळ येणारी चक्कर. आता हे मी तुला माझ्या बांगड्यांवर समजावते कारण मी तसंच समजून घेतलं. प्रत्येक कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, तीन बांगड्या तीन दिशांना एकमेकींत अडकवून धरल्यासारख्या, आणि त्यांत पाणी. डोकं हललं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं आपण कुठे वळतोय. शेजारीच एक छोटी पिशवी असते, तिच्यात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे कण बसलेले असतात, शिंपल्यात असतं तेच, पण साध्या डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे. त्यातले काही सुटतात आणि नळीत जाऊन पडतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग आपण कुशीवर वळून थांबलो तरी ते कण घरंगळत राहतात, पाणी ढकलत राहतात, आणि मेंदूला वाटतं अजून फिरतोय. म्हणून पंखा बंद असून फिरत होता. हे कळलं तेव्हा मला डॉक्टरांच्या समोरच रडू आलं. माझ्या मेंदूला काही झालं नव्हतं, बाबांचं माझ्यात आलं नव्हतं.

उपाय तिथल्या तिथेच केला. तसंच उजवीकडे मान करून मागे आडवं, चक्कर थांबेपर्यंत थांबायचं, मग डोकं हळूच डावीकडे, थांबायचं, मग सगळं अंगच डाव्या कुशीवर आणि तोंड जमिनीकडे, परत थांबायचं, आणि मग उठून बसायचं. कण नळीतून गोल फिरून परत पिशवीत पडतात, एवढंच. एप्ली म्हणतात ह्याला. मी नंतर वाचलं, जॉन एप्ली हे अमेरिकेत पोर्टलंडचे डॉक्टर, त्यांनी १९८० च्या सुमारास हे दाखवायला सुरुवात केली तेव्हा कित्येक डॉक्टरांचा विश्वासच बसेना, की नुसतं डोकं फिरवून चक्कर जाते म्हणजे काय, आणि त्यांचा मुख्य लेख छापून आला थेट १९९२ साली. ह्या आजाराबद्दल तर रॉबर्ट बारानींनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं होतं, ज्यांना कानातल्या ह्या तोलाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं आणि तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. मला फार वाटलं गं हे वाचून. इतक्या जुन्या माहितीचा आजार आणि आपल्या घराघरातल्या बायका वर्षानुवर्षं पित्त म्हणून लिंबू पिताहेत.

दोनदा करावं लागलं मला, चार दिवसांच्या अंतराने. दुसऱ्यांदा मागे आडवं केलं तेव्हा मी वाट बघत होते, छताला एक पाण्याचा डाग होता, तो तिथेच राहिला. तिथेच! मी कितीतरी वेळ त्या डागाकडेच बघत बसले.

पण सगळं एकदम गेलं असं नाही हं. पुढे दहा-बारा दिवस होडीत चालल्यासारखं वाटायचं, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की छातीत धस्स व्हायचं, दोरीवर कपडे वाळत घालायचं काम चिऊने केलं. स्कूटर बंद. डॉक्टर म्हणाल्या भीतीने मान आखडून बसू नका, चाला, मान वळवा, मेंदूला परत सवय लागू दे. रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत ह्यांचा हात धरून गेले, पायऱ्या मात्र उतरले नाही इतक्यात. गोळ्या त्यांनी बंद केल्या कारण त्याने कण जागेवर जात नाहीत, फक्त मळमळ दबते. डी व्हिटॅमिन तपासलं तर ११ निघालं, २० च्या खाली म्हणजे कमीच, आणि ते कमी असलं की हे पुन्हा पुन्हा व्हायची शक्यता जास्त असते म्हणे, तेव्हा त्याचा कोर्स चालू आहे. पुन्हा होऊ शकतं हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय. झालं तर आता कुठे जायचं ते माहितीये.

आता काकू. सुमे, दिवाळीत मी तुझ्याकडे आले तेव्हा त्या पलंगावर उशांना टेकून बसूनच झोपत होत्या, आठवतं? म्हणाल्या होत्या, डावीकडे वळले की घर फिरतं गं नीलू, म्हणून दोन वर्षं वळलेच नाही. त्यांनाही मानेचे मणके सांगितलेत, त्यांच्याही उशाशी त्याच गोळ्यांचं पाकीट होतं. मी तेव्हा मान डोलावली आणि फराळ करत बसले, ते मला आता खूप लागतं. मी डॉक्टर नाही, काकूंचं दुसरंही काही असेल, पण डावीकडेच, वळतानाच, आणि क्षणभरच, हे तिन्ही जुळतंय. नाशिकला कान-नाक-घशाच्या कुणाही चांगल्या डॉक्टरांकडे ने आणि सरळ विचार, डिक्स-हॉलपाईक करून बघाल का. यूट्यूबवर बघून घरी करू नकोस, त्यांची मान खरंच दुखते, ते आधी डॉक्टरांना सांग, मान मागे नेता येत नसेल तर कुशीवर आडवं करून तपासायची पद्धत असते. गोळ्यांची पाकिटं सगळी बरोबर ने. सकाळी पोट भरून खाऊ नको देऊस, आणि एखादी पिशवी पर्समध्ये ठेव, उलटी होऊ शकते.

आणि त्यांना आधी सांगून ठेव की एकदा खोली फिरणार आहे, मिनिटभर, आणि डोळे उघडे ठेवायचेत. तू त्यांच्या हाताशी उभी राहा. मनगट घट्ट धरतील, धरू दे.

शनिवारी रात्री फोन करते, बसून बोलायला आता काही त्रास नाही.

तुझी,
नीलू