‘उत्तम’ दर्जाच्या लेन्समध्ये बुरशी: पूर्ण परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: वापरलेल्या ८५ मिमी एफ/१.८ कॅमेरा लेन्सबाबत चुकीची माहिती आणि नाकारलेला परतावा

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या लेन्सच्या माहितीत दर्जा ‘उत्तम’ आणि ‘काच स्वच्छ’ असे स्पष्ट लिहिले होते. पार्सल उघडल्यावर अॅपर्चर (उजेड आत येण्याचे लेन्समधले छिद्र) पूर्ण उघडून मागच्या बाजूने तिरपा टॉर्च मारला, तेव्हा आतल्या काचेच्या कडेपासून मध्याकडे पसरलेले, फाटे फुटलेले बारीक पांढरे तंतू दिसले. ही बुरशी आहे. समोरून नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर काच खरोखरच स्वच्छ वाटते आणि आपल्या जाहिरातीतले सगळे फोटो नेमके समोरूनच काढलेले आहेत.

जुनी लेन्स घेताना काय चालवून घ्यायचे, हे मला ठाऊक आहे. आत धुळीचे चार कण असतात, बॅरलचा, म्हणजे बाहेरच्या नळीचा, रंग उडालेला असतो. समोरच्या काचेवरच्या एखाद्या बारीक चऱ्यानेही फोटोत सहसा फरक पडत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बुरशीचे तसे नाही. ती वाढत जाते आणि काचेवरचे कोटिंग, म्हणजे चकाकी रोखणारा पातळ थर, खाते. या लेन्समधून उजेडाच्या दिशेने फोटो काढला की सगळ्या चित्रावर दुधट पडदा येतो, काळा रंग राखाडी दिसतो. खिडकीसमोर बसलेल्या माणसाचे पोर्ट्रेट काढायलाच मी ही लेन्स घेतली होती.

आपल्या प्रतिनिधींनी आधी ‘या वापराच्या सामान्य खुणा आहेत’ असे कळवले. मी फोटो पाठवल्यावर ‘बुरशी ग्राहकाकडे लागली असावी’ असे उत्तर आले. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. शिवाय पार्सल मिळाले त्याच दिवशी मी फोटोंसह कळवले होते. इतकी पसरलेली बुरशी एका दिवसात येत नाही. त्यासाठी लेन्स दमट जागी बराच काळ पडून असावी लागते. खोक्यावरचा आणि लेन्सवरचा अनुक्रमांक एकाच चौकटीत दिसेल असे फोटो मी तेव्हाच पाठवले आहेत, ते कृपया पुन्हा पाहावेत.

त्यानंतर आपण लेन्स मोफत साफ करून देण्याची तयारी दाखवलीत. ती मला मान्य नाही. तंतू पुसले जातील, पण खाल्लेले कोटिंग परत येत नाही. शिवाय लेन्स उघडून पुन्हा जोडताना एखादी काच किंचित जरी तिरकी बसली, तरी फोटोची एक बाजू कायमची मऊ, म्हणजे अस्पष्ट, येते. ‘उत्तम’ म्हणून पैसे घेतलेल्या वस्तूवर हा धोका मी का पत्करावा?

मला लेन्सची पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा पाठवणीचा खर्च परत हवा आहे. तसेच ही लेन्स पुन्हा विक्रीला ठेवलीत तर बुरशीचा स्पष्ट उल्लेख करावा. माझ्यानंतर ती घेणारा कदाचित पहिलीच लेन्स घेत असेल आणि त्याला टॉर्च लावून पाहायचे सुचणारही नाही. तपासणारा माणूस आपल्याकडे आहे, म्हणून तर लोक अनोळखी विक्रेत्यापेक्षा आपल्याला जास्त पैसे देतात. तेव्हा प्रत्येक लेन्सचा मागून उजेड टाकून काढलेला एक फोटो जाहिरातीत द्यायला काय हरकत आहे?

लेन्स मूळ खोक्यात, सिलिका जेलसह बांधून ठेवली आहे. ती नेण्यासाठी माणूस कधी पाठवता आणि रक्कम कधी जमा होईल, हे लेखी कळवावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, टॉर्चच्या उजेडातले फोटो, आपल्या प्रतिनिधींशी झालेला पत्रव्यवहार